जिग असूनही ब्रॅकेट एकसारखे येत नाहीत: चूक नेमकी कुठे शोधायची

साठवणीच्या मांडणीसाठी मी २४ ब्रॅकेट कापले. फर्मा एक, बिट (राउटर या यंत्रात फिरणारं, लाकूड कापणारं पातं) एक, लाकूडही एकाच लॉटमधलं. टेबलावर एकावर एक रचले तेव्हा जुळी भावंडं वाटत होती. भिंतीवर बसवून वर फळ्या टाकल्या, तर काही फळ्या पुढे झुकलेल्या आणि काही डुगडुगणाऱ्या. एकीखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवावा लागला, दुसरीखाली दोन. मी फर्मा नव्याने केला, जास्त काळजीने घासला आणि पुढची खेप कापली. तरी तेच.

ही तक्रार जिगवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची असते, आणि बहुतेक जण पहिला संशय घेतात तो बिटवर किंवा राउटरवर. मीही तेच केलं. बिट बदललं, बिटवरचं बेअरिंग (फर्म्याच्या कडेला लागून फिरणारं चाक) बदललं, राउटरची तळपट्टी पुन्हा पुन्हा तपासली. खरं कारण कापण्याच्या आधीच्या दहा सेकंदांत होतं: कच्चा तुकडा जिगमध्ये ठेवायचा आणि क्लॅम्प आवळायचा, तेवढ्या वेळात. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा त्या दहा सेकंदांना दिली आहे.

शब्दांची गल्लत होऊ नये म्हणून आधीच सांगतो. ज्याच्या कडेवरून बेअरिंग फिरतं तो फर्मा. फर्मा, तळाची पाटी, स्टॉपर, क्लॅम्प आणि मुठी असं सगळं मिळून होते ती जिग. फर्मा अचूक असूनही जिग चुकीची असू शकते, आणि नेहमीचा घोळ हाच असतो.

आधी नगांवर क्रमांक टाका

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक खेप मुद्दाम क्रमांक टाकून कापा. पहिला नग १, दुसरा २, असं पेन्सिलीने मागच्या बाजूला लिहायचं. सोबत एक बाण काढायचा, कच्च्या तुकड्याची कोणती कड स्टॉपरला टेकली होती ते दाखवणारा. आठ-दहा नग झाले की व्हर्नियर आणि गुण्या घेऊन बसायचं आणि फरक क्रमाने लिहून काढायचा.

चूक किती आहे यापेक्षा ती कोणत्या क्रमाने आली आहे, हे जास्त बोलकं असतं. फरक पहिल्या नगापासून शेवटच्यापर्यंत हळूहळू वाढत गेला असेल तर काहीतरी सरकतंय, झिजतंय किंवा साचतंय. फरक कधी आहे, कधी नाही, काही मेळच लागत नाही, असं असेल तर तुकडा दरवेळी वेगळा बसतोय. नगांच्या सरळसरळ दोन टोळ्या पडत असतील, एका टोळीतले आपसांत जुळतात पण दुसऱ्या टोळीशी नाही, तर तुम्ही कुठेतरी तुकडा उलटा किंवा वेगळ्या कडेने लावला आहे. आणि सगळे नग एकमेकांशी तंतोतंत जुळतात पण मापात चुकलेत, तर फर्मा किंवा बेअरिंग तपासायचं. शेवटची चूक ऐकायला सगळ्यांत मोठी वाटते, पण सुधारायला तीच सगळ्यांत सोपी.

क्रमांक न टाकता नुसते नग ढिगात टाकले की ही सगळी माहिती हातची जाते. माझ्या पहिल्या दोन खेपांत मी तेच केलं होतं, आणि त्यामुळे दोन आठवडे चुकीच्या जागी शोधत राहिलो.

तुकडा जिगमध्ये बसतो कसा

ब्रॅकेटचं काम कोणत्या कडा करतात ते पाहा. मागची उभी कड भिंतीला लागते. वरची आडवी कड फळी पेलते. या दोन कडा आणि त्यांच्यातला काटकोन, एवढ्यावर फळी सपाट राहणार की नाही हे ठरतं. आतला सुंदर वक्र नजरेत भरतो, पण फळी त्याला कुठेच शिवत नाही. वक्र अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. काटकोन तेवढाच बिघडला तर फळीवर ठेवलेली बाटली सांगेल.

मी सुरुवातीला तिन्ही कडा फर्म्यावरूनच काढत होतो. कच्चा तुकडा ढोबळ कापायचा, फर्म्याला चिकटवायचा आणि राउटरने पूर्ण वळसा घालायचा. यात प्रत्येक कड फर्म्याच्या भरवशावर राहते आणि बेअरिंगखाली आलेला एखादा कणही काटकोनात उतरतो. आता उलट करतो. काटकोन आधी करवतीवर, स्टॉपर लावून, कच्च्या तुकड्यातच काढून घेतो. मग त्याच दोन सरळ कडा जिगच्या स्टॉपरला टेकवतो आणि फर्म्याने फक्त वक्र काढतो. महत्त्वाच्या कडांना राउटर लागतच नाही. माझ्या अर्ध्याहून जास्त तक्रारी या एका बदलाने गेल्या. तुमच्या भागाचा आकार वेगळा असेल, पण प्रश्न हाच विचारा: यातली कोणती कड दुसऱ्या कशाला तरी टेकणार आहे? ती आधी सरळ करा आणि बाकी सगळं तिच्यावरून मोजा.

आता टेकण्याबद्दल. यंत्रशाळेत याला तीन-दोन-एकचा नियम म्हणतात. खाली तीन बिंदूंवर टेका, लांब बाजूला दोन बिंदूंवर, आखूड बाजूला एका बिंदूवर. एवढ्याने वस्तूची जागा पक्की ठरते आणि त्याहून जास्त टेके दिले की ते आपसांत भांडतात. लाकडाच्या जिगमध्ये आपण काय करतो? लांब बाजूला एक अखंड पट्टी ठोकतो, आखूड बाजूला दुसरी, आणि दोन्ही कोपऱ्यात घट्ट भिडवतो. दिसायला छान. पण अखंड पट्टीला टेकणारी कड जरा जरी फुगीर असेल तर तुकडा त्या फुगीर भागावर डुलतो, एकदा डावीकडे टेकतो, एकदा उजवीकडे. आणि पट्ट्या भिडतात त्या कोपऱ्यात भुसा अडकतो. त्याला बाहेर पडायला वाटच नसते.

पट्टी काढून टाका आणि लांब बाजूला दोन छोटे ठोकळे लावा, जितके लांब लांब लावता येतील तितके. आखूड बाजूला एक. कोपरा पूर्ण मोकळा ठेवा. ठोकळ्यांच्या खालच्या कडेला, जिथे ते पाटीला मिळतात तिथे, २-३ मिलिमीटरचा तिरका काप घ्या, म्हणजे उरलेला भुसा त्या पोकळीत जाईल आणि तुकड्याच्या आड येणार नाही.

भुशाचा हिशोब एकदा करून पाहण्यासारखा आहे. समजा दोन ठोकळ्यांत १०० मिलिमीटर अंतर आहे आणि एका ठोकळ्यापाशी अर्धा मिलिमीटर जाडीची भुशाची पापडी दबून बसली. तुकडा तेवढा तिरका झाला. ब्रॅकेटची वरची कड २५० मिलिमीटर लांब असेल आणि ती याच जिगमध्ये कापली जात असेल, तर पुढच्या टोकाला फरक पडतो सव्वा मिलिमीटर. शेजारच्या ब्रॅकेटमध्ये भुसा दुसऱ्या ठोकळ्यापाशी अडकला तर त्याचं टोक सव्वा मिलिमीटर उलट दिशेला जातं. दोघांवर एकच फळी ठेवलीत, तर पुढच्या कडेला अडीच मिलिमीटरचा पीळ. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कुठून आले ते मला तेव्हा कळलं. हेच ठोकळे २०० मिलिमीटर अंतरावर असते तर चूक निम्मी झाली असती, आणि म्हणून ते लांब लांब लावायचे.

दर नगानंतर जिग ब्रशने झाडा. फुंकर मारू नका. भुसा डोळ्यांत जातो आणि कोपऱ्यातला तसाच राहतो.

उरला क्लॅम्प. टॉगल क्लॅम्प (दांडी दाबली की आवळणारा) आवळताना त्याचा रबरी पाय तुकड्यावर उतरतो तो सरळ उभा नाही. शेवटच्या क्षणी किंचित पुढे किंवा मागे सरकतो आणि तुकड्याला सोबत ओढतो. क्लॅम्प अशा दिशेने बसवा की ती ओढ स्टॉपरकडे जाईल. उलट बसवलात तर दर वेळी आवळताना तुकडा स्टॉपरपासून थोडा सुटतो, आणि किती सुटेल हे तुमच्या हाताच्या जोरावर अवलंबून राहतं. म्हणजे सकाळचे नग वेगळे आणि थकल्यावरचे वेगळे. आवळण्याचा क्रमही पक्का ठेवा: आधी तुकडा लांब बाजूच्या दोन ठोकळ्यांना दाबा, तसाच दाबून आखूड बाजूच्या ठोकळ्याकडे सरकवा, आणि बोटं न सोडता क्लॅम्प लावा. पुस्तकाचा पातळ कागद ठोकळा आणि तुकडा यांच्यामध्ये घालून ओढून पाहा. सहज निघाला तर तुकडा टेकलेला नाही.

तळाची पाटी पातळ असेल तर क्लॅम्पच्या दाबाने ती वाकते आणि तुकडा मधोमध उचलला जातो. १२ मिलिमीटरच्या पाटीवर माझं हेच झालं. १८ मिलिमीटरच्या प्लायवर आणि क्लॅम्प थेट टेक्याच्या वर येईल असा बसवल्यावर थांबलं.

क्लॅम्पऐवजी टेप वापरत असाल तर

दुहेरी चिकटपट्टी सोयीची आहे, पण फोमची पट्टी वापरू नका. तिला जाडी असते आणि त्या जाडीत लवचीकपणा. बिट जोर लावतं तेव्हा तुकडा फर्म्यावर डुलतो आणि सरकतो. पातळ कापडी पट्टी चालते, फक्त दोन्ही पृष्ठभाग भुसामुक्त हवेत आणि चिकटवल्यावर काही सेकंद क्लॅम्पने दाबून घ्यायला हवं. त्याहून भरवशाचा प्रकार असा: फर्म्याला आणि तुकड्याला दोन्हीकडे मास्किंग टेप लावायची, एका टेपवर सुपर ग्लूच्या रेघा ओढायच्या आणि दोन्ही टेप एकमेकींना चिकटवायच्या. पकड दगडासारखी येते, आणि काम झालं की टेप ओढून काढली की लाकडाला डाग नाही.

नगागणिक वाढत जाणारा फरक

याचं सगळ्यांत नेहमीचं कारण फार साधं असतं: आधीचा नग फर्मा म्हणून वापरणं. पहिला नग छान आला, फर्मा बाजूला पडलाय, मग हाच लावू, असं होतं. समजा बिटला धार लावताना किंवा बेअरिंग बदलताना दोन्हींच्या व्यासात ०.१ मिलिमीटरचा फरक आला आणि बेअरिंग लहान आहे. मग दर नग दर कडेला ०.०५ मिलिमीटर लहान निघेल. मूळ फर्म्यावरून कापलेल्या सगळ्या नगांत ही चूक सारखीच राहते, कुणाला कळतही नाही. पण नगावरून नग काढत गेलात तर दहाव्या नगाला दर कडेला अर्धा मिलिमीटर, रुंदीत पूर्ण एक मिलिमीटर गायब.

मी आता दोन फर्मे ठेवतो. मूळ फर्मा एकदा नीट करून कपाटात ठेवून दिलेला, त्याच्यावर राउटर फिरतो तो फक्त कामाचा फर्मा काढण्यासाठी. रोजच्या कामाला हा दुसरा. तो खराब झाला की मूळ फर्म्यावरून नवा.

दुसरं कारण बेअरिंग. त्यावर लाकडाचा डिंक आणि टेपचा गोंद साचतो, व्यास वाढतो आणि नग हळूहळू मोठे येऊ लागतात. बेअरिंग अडकून बिटबरोबरच फिरायला लागलं तर ते फर्म्याची कड जाळतं आणि तिथे खळगा पाडतं. एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या बोर्डच्या) कडेवर काळपट तपकिरी रेघ दिसली की थांबा. यंत्राचा प्लग काढून बेअरिंग बोटाने फिरवून पाहा. अडखळत असेल तर बदला. बेअरिंग ही घासून घासून शेवटपर्यंत वापरण्याची वस्तू नाही.

इथे एक फरक ओळखायला शिका, वेळ वाचतो. नगावर उंचवटा आला असेल तर बेअरिंगखाली भुसा किंवा कपची आली होती. फर्मा पुसून त्याच जागेवर पुन्हा फिरवलं की तो निघून जातो. नगावर खळगा आला असेल तर फर्म्यालाच खळगा पडलाय किंवा राउटर तिरका झाला होता. तो नग गेला. फर्म्याच्या त्याच जागी नख फिरवून खात्री करा आणि खळगा असेल तर पुढचा नग कापू नका, कारण तोही तसाच येणार.

तिसरं कारण कोलेटमध्ये, म्हणजे राउटरच्या बिट धरणाऱ्या पकडीत. बिटचा दांडा पकडीतून कणाकणाने सरकतो. दांडा पूर्ण आत तळाला टेकवून आवळला तर कोलेट नीट पकडत नाही. आत घालून २-३ मिलिमीटर वर उचला आणि मग आवळा. कोलेटमध्ये साचलेली राळही काढा. मार्कर पेनने दांडा आणि कोलेट यांच्या सीमेवर एक रेघ मारून ठेवा, सरकलं की लगेच दिसतं. हे दुर्लक्ष करण्याजोगं नाही. बेअरिंग फर्म्यावरून निसटलं तर बिट थेट फर्म्यात किंवा तुकड्यात घुसतं.

दोन टोळ्या पडल्या तर

नगांचे दोन गट पडले की मी आधी बाण बघतो. काही तुकडे एका कडेने स्टॉपरला टेकवले, काही विरुद्ध कडेने. फळी कापताना दोन्ही कडा अगदी समांतर आल्या नसतील तर तेवढा फरक नगात उतरतो. उपाय एकच: कच्चा तुकडा कापल्या कापल्या आधार-कडेवर पेन्सिलीने खूण, आणि जिगच्या ठोकळ्यावर तशीच खूण. खुणेला खूण भिडली नाही तर क्लॅम्प लावायचा नाही.

जाडीमुळेही गट पडतात. १८ मिलिमीटर म्हणून घेतलेला प्लाय मी व्हर्नियरने मोजला तेव्हा १७.३ निघाला, आणि पुढचा शीट १७.८. ब्रॅकेटमध्ये फळीची खाच असेल तर एका शीटच्या फळ्या खाचेत डुगडुगतील आणि दुसऱ्याच्या ठोकाव्या लागतील. खाचेची जिग आकड्यावरून कधीच बांधू नका. ज्या फळ्या बसवणार त्यांचाच एक कापीव तुकडा मधे धरून जिगच्या दोन पट्ट्या दोन्हीकडून त्याला भिडवा आणि स्क्रू आवळा. खाच आपोआप त्याच जाडीची येते.

सगळेच नग सारखे, पण चूक

फर्म्याचा काटकोन तपासायला गुण्यावर भिस्त ठेवू नका, गुण्याही चुकलेला असू शकतो. सरळ कडेच्या पाटीला फर्मा टेकवून उभी रेघ ओढा, मग फर्मा पालथा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर पडल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर दिसणारा फरक खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो, म्हणून बारीक चूकही डोळ्यांना दिसते. हीच परीक्षा कापलेल्या नगालाही लावता येते.

फर्म्यासाठी ९ किंवा १२ मिलिमीटरचा एमडीएफ उत्तम. कड एकसारखी घट्ट असते, कुठे पोकळी नाही. प्लायच्या कडेत पोकळी सापडली की बेअरिंग तिथे आत जातं. वक्र घासताना डोळे मिटून बोटाचं पेर कडेवरून फिरवा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा बोटाला लागतो, आणि फर्म्यावरचा एक उंचवटा म्हणजे नगांवरचे २४. आतल्या कोपऱ्याची गोलाई बिटच्या निम्म्या व्यासाहून लहान ठेवून उपयोग नाही. १२.७ मिलिमीटरच्या बिटने ६.३५ मिलिमीटरहून तीक्ष्ण आतला कोपरा येणारच नाही, तो नंतर पटाशीने काढावा लागतो.

बेअरिंगऐवजी राउटरच्या तळाला लावायची कॉलर वापरत असाल तर फर्मा नगापेक्षा वेगळ्या मापाचा लागतो. कॉलरच्या बाहेरच्या व्यासातून बिटचा व्यास वजा करून निम्मा करा. कॉलर ३० आणि बिट १२ असेल तर ९ मिलिमीटर. बाहेरच्या कडेसाठी फर्मा तेवढा लहान, आतल्या भोकासाठी तेवढा मोठा. कॉलर राउटरच्या मध्यावर बसलेली नसेल तर हा आकडा दर दिशेला बदलतो आणि काम करताना राउटर हातात फिरला की कड लाटेसारखी येते. मधोमध बसवण्याचा शंकू मिळतो, तो वापरा, आणि तरीही राउटरची एकच मूठ कायम आपल्याकडे ठेवा.

वक्रावर कड फाटते तेव्हा

माप बरोबर, पण वक्राच्या एका भागात लाकडाचे धागे उपटून निघालेले. हे दर नगाला साधारण एकाच जागी होतं, कारण वक्र फिरतो तशी धाग्यांची दिशा बदलते. वक्राच्या एका बाजूला बिट धागे दाबत उतरतं, दुसऱ्या बाजूला त्यांच्याखाली शिरून त्यांना उचकटतं.

सर्वांत आधी बिटवरचा भार कमी करा. कच्चा तुकडा जिगसॉने किंवा बँडसॉने रेषेच्या बाहेर जेमतेम अर्धा सूत ठेवून कापा. राउटरला दीड मिलिमीटरच लाकूड काढायचं असेल तर फाटायला फारसं काही उरत नाही. ५ मिलिमीटर ठेवलंत तर धार कितीही नवी असो, फाटणार. मग वर आणि खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेलं बिट घ्या. वक्राचा उतरता भाग तुकडा सरळ ठेवून कापायचा, आणि दुसरा भाग फर्म्यासकट तुकडा उलटा करून, म्हणजे दोन्ही वेळा बिट धागे दाबतच उतरतं. उलटं केल्यावर बेअरिंगची उंची पुन्हा जुळवायला विसरू नका.

हातातला राउटर नगाच्या बाहेरच्या कडेने घड्याळाच्या उलट दिशेने न्यायचा, आतल्या भोकात घड्याळाच्या दिशेने. बिट समोरून येणाऱ्या लाकडाला कापतं आणि यंत्र ताब्यात राहतं. उलट दिशेने नेल्यावर कड गुळगुळीत येते असं सांगणारे भेटतील. येते, पण बिट राउटरला किंवा तुकड्याला हिसका देऊन पुढे पळवतं. छोट्या नगांवर हे मुळीच करू नये. राउटर टेबलावर छोटा नग नुसत्या हाताने धरूनही चालवू नका. जिगला दोन मुठी बसवा, बोटं बिटपासून १५० मिलिमीटर तरी लांब राहू द्या, आणि डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, एमडीएफसाठी मास्क.

अखंड लाकडाचे ब्रॅकेट असतील तर धाग्यांची दिशा कच्चा तुकडा आखतानाच ठरवा. धागे एका भुजेच्या लांबीत ठेवले तर दुसऱ्या भुजेत ते आडवे पडतात आणि ती भुजा वजनाने सरळ मोडते. धागे दोन्ही टोकांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेत ठेवले तर दोन्ही भुजांना थोडं थोडं बळ मिळतं. लाकूड जास्त वाया जातं, पण ही काटकसर करण्याची जागा नाही.

भोकांची जिग

हलवता येणाऱ्या फळ्यांसाठी पिनांची भोकं पाडतात, तिथे हाच आजार वेगळ्या रूपात येतो. ५ मिलिमीटरची भोकं ३२ मिलिमीटर अंतराने, ही कपाटांतली रूढ पद्धत. फळी चार पिनांवर बसते आणि एक पिन अर्धा मिलिमीटर वर असली तरी डुगडुगते, चार पायांच्या स्टुलासारखी.

जिगमध्ये दहाच भोकं असतील आणि तुम्ही ती वर सरकवत नेत असाल, तर दर सरकवण्यात पिनेची ढिलाई मिळवली जाते. ती पूर्ण जाणार नाही, पण दोन्ही बाजूंना सारखी करता येते. कपाटाची डावी आणि उजवी पाटी दोन्ही खालच्या टोकाकडूनच सुरू करा, कधीही एक खालून आणि एक वरून नाही. पाट्यांवर मोठ्या अक्षरात "खाली" लिहा. ही खूण करायला दोन मिनिटं लागतात आणि मी ती एकदा टाळली, त्यात एक पूर्ण पाटी वाया गेली. एमडीएफच्या जिगमधली भोकं ड्रिलच्या घासण्याने मोठी होतात. पाचपन्नास भोकांनंतर ड्रिल त्यात हलायला लागतं. धातूच्या बुश (भोकात बसणाऱ्या छोट्या नळ्या) बसवा, किंवा जिगच्या भोकात स्वतः मधोमध बसणारं स्प्रिंगवालं ड्रिल वापरा.

लाकूडही हलतं

कधीकधी कापताना सगळं जुळलेलं असतं आणि महिन्याभराने जुळत नाही. अखंड लाकूड हवेतल्या ओलाव्याने धाग्यांच्या आडव्या दिशेत फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. १०० मिलिमीटर रुंदीत दमट आणि कोरड्या हवेतला फरक एक मिलिमीटरच्या घरात सहज जातो. म्हणून एका मांडणीचे सगळे कच्चे तुकडे एकाच लॉटचे घ्या, कामाच्या जागेतच मधे पट्ट्या घालून, हवा खेळती ठेवून काही दिवस रचून ठेवा आणि सगळे एकाच बैठकीत कापा. अर्धे आज, अर्धे दोन महिन्यांनी, असं केलंत तर जिग कितीही चांगली असली तरी दोन टोळ्या पडतीलच. फर्म्याच्या एमडीएफलाही ओल लागते आणि त्याची कड फुगते. कडेला लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्या आणि वाळल्यावर बारीक पेपरने हलकेच घासा.

कापून झालेले नग टाकू नका

माझे ते २४ ब्रॅकेट मी टाकले नाहीत. सपाट पाटीवर मागची कड टेकवून सगळे उभे केले आणि गुण्यापासून पुढच्या टोकाला किती फट दिसते ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजून प्रत्येकावर लिहिलं. मग फटीच्या चढत्या क्रमाने ओळ लावली आणि शेजारशेजारच्या जोड्या केल्या. एका फळीला तिच्या स्वतःच्या दोन ब्रॅकेटशीच देणंघेणं असतं. ते दोघं आपसांत जुळले की फळी डुगडुगत नाही, भले शेजारच्या खणातली जोडी थोडी वेगळी असो. पुढे झुकलेल्या चार जोड्यांची मागची कड रंध्याने दोन-तीन हात मारून सरळ केली. पाच नग कामाचे राहिले नाहीत. त्यांतल्या एकाच्या वक्राला मी जाड सँडपेपर चिकटवला आणि आता फर्म्यांचे आतले वक्र घासायला तोच ठोकळा वापरतो.